लाल टाका

वसाहतीच्या कोपऱ्यावर एक लाँड्री आहे आणि तिच्या मालकिणीला लहानथोर सगळे कडक काकू म्हणतात. हे नाव कपड्यांच्या खळीवरून पडलं की काकूंच्या जिभेवरून, यावर वसाहतीत दोन तट आहेत. काकूंनाच विचारून टाकावं एवढी छाती मात्र दोन्ही तटांत कोणाची नाही.

काकू नाकावर माशी बसू देत नाहीत. "काकू, हा डाग राहिलाय," असं कोणी म्हणालं की, "पाडताना मला विचारलं होतंत का?" हे उत्तर ठरलेलं. एका वकिलाने धुवायला टाकलेला कोट कितीतरी दिवस नेला नाही, तेव्हा काकूंनी तो हँगरसकट दाराबाहेर टांगला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसल्या, "वकीलसाहेबांना आत यायची लाज वाटते, म्हणून कोट बाहेर उभा राहून वाट बघतोय." वकील त्याच संध्याकाळी आला. असं असूनही कपडे त्यांच्याकडेच पडायचे, कारण काम चोख होतं आणि दिलेला शब्द कधी मोडत नव्हता.

काका म्हणजे त्यांचे यजमान. हा माणूस अगदी उलट होता. कोणाच्या अध्यात ना मध्यात. इस्त्रीच्या टेबलापाशी उभा राहून कॉलर सरळ करताना तो त्या कॉलरशीच हळू आवाजात काहीतरी बोलतोय असं बघणाऱ्याला वाटायचं. दमा होता. वाफेपाशी उभं राहिलं की छाती मोकळी राहते, असं तो म्हणायचा, आणि काकू म्हणायच्या, "निमित्त आहे सगळं. माझ्यापासून लांब उभं राहायचंय, एवढंच." टेबलाजवळ एक लाकडी स्टूल होतं. गिऱ्हाइकांचा व्यवहार काकूंशी चालायचा आणि गप्पा त्या स्टुलावर बसून काकांशी व्हायच्या. दोघं दुकानालाच लागून राहायची. त्यांना एकच मुलगी. ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती, आणि बापावर जरा जास्तच जीव असणारी होती.

मग साथ आली.

रस्ते ओस पडले, दुकानांची दारं खाली आली. आपणही बंद ठेवू या, असं काका म्हणाले. काकूंनाही ते पटलं होतं. पण त्यांच्याच इमारतीत एक निवृत्त बस कंडक्टर राहायचा. बसमध्ये उभ्या जन्मात कोणाशी गोड बोलला नसेल, पण साथीत त्याने स्वतःहून एक काम अंगावर घेतलं होतं. वसाहतीतल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना रोज सकाळी फोन करायचा आणि एवढंच विचारायचं, "आहात ना?" उत्तर आलं की पुढचा फोन. त्यानेच एकदा काकूंना खिडकीतून हाक मारून सांगितलं, की मागच्या इमारतीतलं म्हातारं जोडपं तापाने पडलंय, चादरी घामाने भिजून गेल्यात, धुवायला अंगात त्राण नाही आणि कामाची बाई आत पाऊल टाकायला तयार नाही.

"मग मी काय करू?" काकू म्हणाल्या.

"काही नाही. सांगितलं आपलं."

काकू खिडकी बंद करून आत गेल्या आणि लगेच परत आल्या. "चादरी काय चालत येणार आहेत माझ्याकडे? पिशवीत भरून खाली ठेवायला सांगा. मी उचलते."

असं ते सुरू झालं. एका घरातून दुसऱ्या घरात बातमी गेली, आणि बघता बघता लाँड्रीत आजारी घरांचेच कपडे जास्त झाले. चादरी, खोळी, टॉवेल, गाऊन. ज्याच्या त्याच्या घरी जो तो अडकलेला, मशीन असलं तरी ते लावायला उठणारा कोणी नाही, अशी घरं काही कमी नव्हती. काकू तोंडाला मास्क, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे आणि अंगावर जुना रेनकोट घालून मागच्या अंगणात पिंप उकळायच्या. त्या अवतारात त्यांना बघून काका म्हणाले होते, "आता साथच तुला घाबरून जाईल." काकू हसल्या नाहीत, पण तो दिवस त्यांना चांगला आठवतो.

अडचण एकच होती. आजारी घरचे कपडे आणि बऱ्या घरचे कपडे एकमेकांत मिसळता कामा नयेत. गिऱ्हाइकाच्या खुणेची शाई उकळत्या पाण्यात पसरते, चिठ्ठी सुटून येते, पिन गंजते. युक्ती काकांनी सुचवली. आजारी घरचा कपडा आला की आधी त्याच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा. कपडा उकळून, वाळवून, कडक इस्त्री झाली की टाका उसवायचा. टाका आहे तोवर कपडा वेगळा, टाका निघाला की घरी जायला मोकळा.

"तुम्ही सांगितलंत ना? आता लांब बसा," काकू म्हणाल्या. लाल टाक्याच्या एकाही कपड्याला त्यांनी काकांना हात लावू दिला नाही. इस्त्रीसुद्धा त्या कपड्यांवर त्यांनीच मागच्या खोलीत केली. पुढची बाजू काकांची, म्हणजे बऱ्या घरच्यांची. मागची बाजू काकूंची. मधल्या दाराला त्यांनी कडी घातली आणि दम्याच्या माणसाची काळजी डोळ्यांत तेल घालून घेतली.

घरांसाठी नियमही साधा होता. "आमच्याकडे आजारी आहे," एवढंच एक वाक्य फोनवर सांगायचं. मग पिशवी उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर ठेवायची, घंटी वाजवायची आणि मागे फिरायचं. ज्याच्या घरी कोणी आजारी नाही त्याने खुशाल आत यावं. एवढं सोपं होतं ते. लहान पोरालाही कळेल असं.

पण माणूस कुठला सरळ वागतोय? अंगणातल्या दोरीवर लाल टाक्यांचे कपडे वाळताना दिसू लागले, तसे लोक गच्चीवरून दोरीकडे बघून अंदाज बांधू लागले. ही फुलाफुलांची चादर अमक्याची, म्हणजे तिथं शिरलाय. तो निळा टॉवेल तमक्याचा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हा खेळ साथीतही थांबला नाही. आजारी घरची पिशवी घेऊन काकू रस्त्याने निघाल्या की लोक रस्ता ओलांडायचे. एका घराचं दूध बंद झालं, एका मुलीशी मैत्रिणींनी खिडकीतूनही बोलणं सोडलं. काकूंनी गच्चीकडे बघून चांगल्या चार शिव्या हासडल्या आणि कपडे आत, पंख्याखाली वाळवायला घेतले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. लाल टाका म्हणजे काय, हे वसाहतीत आता सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना त्याची भीती होती.

वसाहतीच्या कमिटीचे अध्यक्ष त्या दिवसांत फार नावाजले. खोटं कशाला बोला, त्यांनी काम केलं. ज्या घरात चूल पेटत नव्हती तिथे जेवणाचे डबे पोचवले, औषधं आणून दिली, कोणाला गाडीतून दवाखान्यात नेलं. दिसायला रुबाबदार, बोलायला गोड, आणि कपड्यांचा शौक मोठा. साथ असो की काही असो, शर्टाची घडी मोडलेली त्यांना चालत नव्हती. त्यांच्या घरच्या पिशवीबरोबर कधी ते वाक्य आलं नाही, म्हणून ती पिशवी पुढच्या दारातून आत यायची, आणि पिशवीबरोबर अध्यक्ष स्वतः यायचे.

दमून आलेले असायचे. काकूच म्हणायच्या, "बसा, साहेब. किती फिराल?" आणि कोणालाही उंबऱ्याच्या आत दोन मिनिटांवर उभं न करणाऱ्या काकू त्यांच्यासाठी स्टूल पुढे करायच्या. अध्यक्ष मास्क हनुवटीखाली ओढून चहा प्यायचे. काका कॉलर सरळ करता करता वसाहतीच्या बातम्या ऐकायचे. दिवसभर एकट्याने इस्त्री करणाऱ्या माणसाला तेवढाच विरंगुळा. "आपल्या वसाहतीत हा एक माणूस आहे म्हणून," असं काका नंतर म्हणायचे, आणि त्यांच्या शर्टावर इस्त्रीचा एक हात जास्तीचा फिरवायचे.

मग काकांना ताप आला.

दमेकऱ्याचा ताप. पुढचं काय सांगायचं? गाडी आली तेव्हा ते पायाने चालत गेले, एवढं खरं. गाडीत बसताना म्हणाले, "वकिलाचा कोट राहिलाय बघ." त्यानंतर काकूंना त्यांचा आवाज फोनवर दोनदा ऐकू आला आणि मग फोन दुसऱ्याच माणसाने केला. चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही. लाँड्रीच्या दाराआडच्या खुंटीवर त्यांचा इस्त्रीचा ॲप्रन तसाच राहिला, तो अजून तिथेच आहे.

लेक येऊ शकली नाही. रस्तेच बंद होते. ती फोनवर बराच वेळ रडली आणि मग एकदम रडायची थांबली.

"तूच आणलंस घरात," ती म्हणाली. "जगाची धुणी धुवायला तुला कोणी सांगितलं होतं? बाबांना दमा होता. तुला माहीत होतं."

"मी त्यांना हात लावू दिला नव्हता गं."

"तू तर लावत होतीस ना? रात्री एकाच घरात झोपत होतात ना?"

कडक काकूंनी फोन ठेवला. हाच प्रश्न त्या स्वतःला विचारत होत्या. मोजा कुठे फाटला होता का? हात धुवायला आपण कुठे चुकलो का? कोणता तो टॉवेल, कोणती ती चादर? एकेक पिशवी त्या मनात पुन्हा उघडायच्या आणि पुन्हा धुवायच्या. साथ ओसरल्यावरही लेक आली नाही. फोन करायची, पण सासूची चौकशी करावी तशी. जेवलीस का, बरं आहे का, ठेवते.

बाहेरही गरज सरो आणि वैद्य मरो, तसंच झालं. रस्ते उघडले, आणि ज्यांच्या घामाच्या चादरी काकूंनी उकळल्या होत्या, त्यांतल्याच कितीतरी जणांनी कपडे दुसरीकडे टाकायला सुरुवात केली. काकूंच्या तोंडावर कोणी बोललं नाही, पण काकूंच्या कानांत काही बोळे नव्हते. "तिथे सगळं साथीचं धुतलंय, आणि घरचा माणूसही गेलाय. उगीच विषाची परीक्षा कशाला?" काकूंनी ऐकून घेतलं. पूर्वीच्या काकू असत्या तर त्या बाईची चादर भर चौकात टांगली असती. आता त्यांना वाटायचं, बोलतात ते खरंच असेल. आपल्या हातांनीच नेलं त्यांना.

असं वर्ष गेलं. मग एकदा अध्यक्षांच्या पत्नी लाँड्रीत आल्या. भोळी बाई, मनात काही ठेवणारी नाही. पडदे टाकायला आल्या होत्या. बोलता बोलता विषय साथीवर गेला, आणि त्या कौतुकाने म्हणाल्या, "काकू, तुम्हाला म्हणून सांगते. आमच्याकडे तर सगळ्यांना होऊन गेलं होतं. आधी सासूबाईंना, मग ह्यांना. पण ह्यांनी कानोकान खबर लागू दिली नाही. अंगात ताप घेऊन डबे वाटत फिरत होते, माहितीये? मी म्हणायची, पडून राहा. म्हणायचे, मी घरी बसलो तर लोक उपाशी राहतील."

काकू पडद्याची घडी उलगडत होत्या. ती तशीच हातात राहिली.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"तेव्हाच की. मी रोज चादरी पाठवत होते ना तुमच्याकडे? काकांची तब्येत बिघडली त्याच्या थोडं आधी."

त्या बाईला आपण काय बोललो हे कळलं नाही. पडदे कधी मिळतील ते विचारून ती गेली. काकू स्टुलाकडे बघत राहिल्या. मधल्या दाराला त्यांनी कडी घातली होती, आणि पुढच्या दारातून स्वतःच्या हाताने स्टूल पुढे केलं होतं. ताप अंगात घेऊन तो माणूस इथे बसला, मास्क खाली ओढून चहा प्याला, काकांशी गप्पा मारत राहिला. त्याने शंभर घरांना जेवू घातलं, पण एक वाक्य बोलला नाही. ते मागच्या इमारतीतलं म्हातारं जोडपं दातखिळी बसेपर्यंत तापलं होतं, तरी त्यांनी फोन करून सांगितलं होतं, "आमच्याकडे आजारी आहे, काकू, जपून."

दुसरी कोणी असती तर रडली असती. काकूंनी दुकान बंद केलं आणि सरळ अध्यक्षांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांना सवय नव्हती.

"माझ्या लेकीला फोन करा," त्या म्हणाल्या. "बाकी मला काही नको. वसाहतीत मी ब्र काढणार नाही. तिला फक्त सांगा, की तेव्हा तुमच्याकडे आजार होता आणि तुम्ही आमच्याकडे येऊन बसत होतात."

अध्यक्षांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी काकूंना आत बोलावलं. काकू आत गेल्या नाहीत.

"काकू, तुम्ही समजून घ्या," ते म्हणाले. "मी तेव्हा सांगितलं असतं तर डबे त्याच दिवशी बंद पडले असते. आमच्या स्वयंपाकघरातलं अन्न कोणी हातात तरी धरलं असतं का?"

"खरंय. मग लोकांना नसतं सांगायचं. मला सांगायचं होतं. पिशवी पायरीवर ठेवून मागे फिरायचं होतं. तेवढ्याने कोण उपाशी राहिलं असतं?"

"तुमच्या दोरीकडे अख्खी वसाहत बघत होती, काकू."

"कपडे मी आत घेतले होते."

अध्यक्षांचा आवाज थोडा बदलला. "आणि आमच्याकडूनच गेलं हे कशावरून? तुमच्याकडे तर सगळ्या आजाऱ्यांचे कपडे येत होते. सिद्ध करता येईल का काही? उगीच कशाला उकरायचं? आता बोलून काका परत येणार आहेत का?"

सिद्ध काहीच करता येणार नव्हतं, हे काकूंनाही माहीत होतं. त्या परत आल्या. त्यांनी लेकीला स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. लेक ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आई, आता दुसऱ्यावर ढकलू नकोस. ज्या माणसाने एवढं केलं त्याच्यावर तर नकोच." चोर सोडून संन्याशाला फाशी, हे काकूंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकलं होतं. फासाचा दोर आपल्याच लेकीच्या हातात असेल, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी कमिटीने साथीत मदत करणाऱ्यांचा सत्कार ठरवला. पहिला सत्कार अर्थात अध्यक्षांचा. काकांच्या आठवणीतही दोन शब्द बोलायचे होते, म्हणून अध्यक्षांनी काकूंच्या लेकीला स्वतः फोन करून बोलावलं. ज्या फोनसाठी काकू त्यांच्या दारात उभ्या राहिल्या होत्या तो फोन त्यांनी केला खरा, पण आमंत्रणाचा. लेक आली. बापाचं नाव घेतलं जाणार होतं, म्हणून आली.

कार्यक्रमात घालायचा पांढरा शर्ट अध्यक्षांच्या पत्नीने काकूंकडेच पाठवला होता. काकूंनी तो धुतला, खळ घातली, काकांच्या टेबलावर काकांसारखीच कडक इस्त्री केली. मग खण उघडून लाल दोऱ्याचं रीळ काढलं आणि कॉलरच्या डाव्या टोकाला एक टाका घातला. लपवून नाही, चांगला वरून, आणि आरशात नीट बघायला सवड मिळू नये म्हणून शर्ट ऐन निघायच्या वेळी पोचवला. हा टाका बघून एकेकाळी माणसं रस्ता ओलांडत होती. आता बघू दे त्यांना. कोणीतरी विचारेलच, काकू, हा टाका इथे कसा? मग काकू सांगणार होत्या. ब्र काढणार नाही हा शब्द त्यांनी फोनच्या बदल्यात दिला होता, आणि तो फोन तर झालाच नव्हता. मनात त्या सगळं बोलून तयार होत्या.

सभागृह भरलं होतं. ज्या बाईच्या घराचं दूध बंद झालं होतं ती होती, गच्चीवरून दोरी बघणारे होते, वकील होता, कंडक्टर होता. अध्यक्ष मंचावर आले, आणि पांढऱ्या कॉलरवरचा तो लाल ठिपका पाचव्या रांगेतूनही स्पष्ट दिसत होता. काकू एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. लोक अध्यक्षांकडे बघत होते, हसत होते, फोटो काढत होते. कोणाच्याही कपाळावर साधी आठी आली नाही. एवढी भीती, एवढी कुजबूज, आणि सगळं धुऊन निघालं होतं. अशी धुलाई काकूंनाही कधी जमली नव्हती.

लेक त्यांच्याकडे झुकली. "आई, त्यांच्या कॉलरला दोरा राहिलाय. तुझं पहिल्यासारखं लक्ष नाही आता."

"राहिला नाही," काकू म्हणाल्या. "घातलाय."

लेकीने आईकडे बघितलं. लाल टाका काय असतो हे तिला बाबांनी फोनवर सांगितलेलं होतं, माझी आयडिया आहे म्हणून, हसत हसत. तिने पुन्हा मंचाकडे मान वळवली.

अध्यक्ष काकांबद्दल बोलत होते. आवाज भरून आला होता, आणि तो खोटा होता असंही म्हणता येणार नाही. "रुग्णांचे कपडे धुता धुता या साध्या माणसाने आपला प्राण दिला," ते म्हणाले. बोलता बोलता सवयीने त्यांचा हात कॉलर सरळ करायला गेला. बोटाला टाका लागला. त्यांनी मान खाली घालून बघितलं, आणि वाक्य तिथेच तुटलं. अख्ख्या सभागृहात त्या एका माणसाला आठवत होतं. त्यांची नजर रांगांवरून फिरत फिरत काकूंवर येऊन थांबली. काकूंनी नजर वळवली नाही. एका वाक्याचं काम होतं. लोक समोर होते, माईक हातात होता, लेक शेजारी बसलेली होती.

अध्यक्ष घोटभर पाणी प्याले. "माफ करा, भरून आलं," ते म्हणाले, आणि कॉलरचं टोक दोन बोटांत तसंच धरून त्यांनी भाषण पुरं केलं. टाळ्या बराच वेळ चालल्या. लेकीनेही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून असेल.

चालत घरी येताना लाँड्रीच्या वळणावर लेक म्हणाली, "काका कुठे आजाऱ्यांचे कपडे धुवायचे, असं तू का नाही उठून म्हणालीस?" बापाला काका ती कधी म्हणत नसे. सभागृहात सगळे काका काका म्हणत होते, तेच तिच्या तोंडात बसलं होतं.

"मी उठायचं होतं का?" काकू म्हणाल्या.

लेक थकलेल्या आवाजात म्हणाली, "आई, तू म्हणतेस ते खरं असलं तरी, आता बोलून बाबा परत येणार आहेत का?"

काकू चालायच्या थांबल्या. हे वाक्य त्यांनी आधी ऐकलं होतं, एका शब्दाचा फरक सोडला तर हेच. माणसं चांगलं काही एकमेकांकडून इतक्या लवकर शिकत नाहीत. त्यांनी किल्ली काढली आणि दार उघडलं.

सकाळी लेकीला निघायचं होतं. काकू पाणी तापवत होत्या, लेक पुढच्या खोलीत चहा पीत बापाच्या ॲप्रनकडे बघत उभी होती. तेवढ्यात घंटी वाजली. लेकीने दार उघडलं तर कोणी नव्हतं. रस्त्यावर अध्यक्ष पाठमोरे चालत जाताना दिसले, खाली मान घालून, भरभर. पायरीवर त्यांच्या घरची ती चौकड्यांची पिशवी ठेवलेली होती. वर पांढरा शर्ट होता. टाका तसाच होता.

"आई, अध्यक्षांचे कपडे आलेत," लेक म्हणाली. "आत का नाही आले ते? एरवी तर बसायचे म्हणतेस." आणि तिने वाकून पिशवी उचलली.

काकू मधल्या दारात आल्या. पिशवी बघितली, रस्ता बघितला.

"ठेव ती खाली," त्या म्हणाल्या. "तिची जागा तीच आहे. तेव्हा ठेवली नाही, आज ठेवलीय."

लेक पिशवी हातात धरून उभी राहिली. तिने स्टुलाकडे पाहिलं, इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं, दोन्हींमधलं अंतर पाहिलं. अंतर हातभरसुद्धा नव्हतं. तिने पिशवी होती तिथे पायरीवर ठेवली आणि आत जाऊन साबणाने हात धुवायला लागली. बराच वेळ धूत होती.